मोटार भरणाऱ्या कारागिराचे काय? सौरपंपाचे सरकारी धोरण आणि पाटस परिसरातील धंदे

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर पाटस लागते. येथून एक रस्ता दौंडकडे वळतो, एक बारामतीकडे जातो आणि महामार्ग पुढे कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीकडे निघतो. रेल्वेचे स्थानकही गावाला आहे. अशा मोक्याच्या जागी बाजारपेठ वाढणारच. भोवती उसाचे क्षेत्र, खडकवासला प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी, उत्तरेस भीमा नदी, आणि गावालगत भीमा सहकारी साखर कारखाना. हा कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाला. बंद काळात ज्यांचे नुकसान झाले ते एकटे ऊस उत्पादक नव्हते. टायरवाला, वेल्डर, बैलगाडीचा लोहार, चहा-नाष्ट्याचा धंदा करणारा, या सर्वांच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम झाला. शेतीविषयीचे सरकारी धोरण हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे मानणाऱ्या व्यापारी बंधूंनी हा अनुभव विसरू नये.

आज असाच एक बदल दारात उभा आहे. तो कारखान्याच्या भोंग्यासारखा गाजावाजा करीत आलेला नाही. शेताच्या बांधावर निळ्या-काळ्या काचेच्या पाट्या उभ्या राहत आहेत, एवढेच दिसते. परंतु या पाट्यांमुळे विहिरीवरच्या मोटारीचा सारा व्यवहार बदलू लागला आहे, आणि मोटार भरणे, स्टार्टर दुरुस्त करणे, पाइप व केबल विकणे यांवर ज्यांची रोजी चालते त्या कारागिरांनी व दुकानदारांनी हे धोरण नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे. दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत हा हुन्नर करणाऱ्यांत मुस्लिम कारागीर आहेत, म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

मोटार भरण्याचा धंदा कशावर चालतो?

प्रथम जुना व्यवहार पाहू. महावितरणकडून शेतीला थ्री फेज वीज चोवीस तास मिळत नाही. ती ठराविक तासच आणि पाळीपाळीने मिळते, आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्री बारा वाजता उठून मोटार चालू करायला कोण जाणार? म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवितो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. एका डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या म्हणजे व्होल्टेज खाली बसतो. कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. कधी एक फेज जातो, मोटार दोन फेजवर घुमत राहते आणि जळते. कधी विहिरीचे पाणी तळाला जाते आणि मोटार कोरडी चालते. उन्हाळ्यात ऊस वाळत असताना मोटार जळालेला शेतकरी दुकानात येतो तेव्हा त्याला ती त्याच दिवशी भरून हवी असते.

हा धंदा म्हणजे एका अर्थाने विजेच्या अव्यवस्थेवर उभा आहे. कारागिराचा यात दोष नाही. आजारी माणूस आहे म्हणून हकीम आहे, तसेच हे. परंतु व्यवस्था बदलली की धंद्याचा पाया हलतो, ही गोष्ट स्पष्टपणे ओळखली पाहिजे.

या एका मोटारीभोवती किती हात गुंतलेले असतात हेही पाहावे. जळालेली तार उपसणारा मुलगा, नवी तार भरणारा उस्ताद, बेअरिंग व बुशचा विक्रेता, शाफ्ट बसवून देणारा लेथवाला, तिपाई आणि चेनपुली घेऊन मोटार बोअरमधून वर काढणारी टोळी, स्टार्टर-केबलचे दुकान आणि शेवटी जळकी तांब्याची तार विकत घेणारा भंगारवाला. एक मोटार जळाली की सहा-सात घरांत पैसा जात असे.

सरकारने काय ठरविले?

आता धोरणाकडे वळू. हवामानबदलाचा प्रश्न जगभर चर्चेत आहे. २०२१ साली ग्लासगो येथे झालेल्या जागतिक परिषदेत भारताने २०३० पर्यंत खनिज इंधनाशिवायची वीजनिर्मिती क्षमता ५०० गिगावॉटवर नेण्याचे आणि २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जनाचा हिशेब शून्यावर आणण्याचे जाहीर केले. दिल्लीत व परदेशात ठरलेल्या या आकड्यांचा पाटसच्या विहिरीशी संबंध असा की, महाराष्ट्रात विजेचा फार मोठा वाटा शेतीपंपांना जातो. ही वीज बहुतांशी कोळशावर तयार होते, शेतकऱ्याला स्वस्त द्यावी लागते, आणि तिच्या थकबाकीचा बोजा महावितरणवर व क्रॉस सबसिडीच्या रूपाने उद्योग-व्यापाराच्या बिलावर पडतो. आपल्या दुकानाच्या किंवा लेथच्या बिलात जो चढा दर दिसतो त्याचे एक कारण हेही आहे. शेतीपंप सूर्यावर नेला तर कोळसा वाचेल, रात्रीची पाळी संपेल आणि बोजाही कमी होईल, असा सरकारचा हिशेब आहे.

त्यानुसार एकामागून एक योजना आल्या. १४ जून २०१७ रोजी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि तिचे प्रारंभीचे प्रकल्प राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे हाती घेण्यात आले. २०१८ मध्ये एक लाख पंपांची मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना मंजूर झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने पीएम-कुसुम योजनेस मान्यता दिली. सुरुवातीस तिची मुदत २०२२ पर्यंत होती, ती नंतर मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली आणि उद्दिष्ट ३४,८०० मेगावॉट ठरले. २०२३ मध्ये वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती आली. २०२४ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू केली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची, बाकीची सरकारने द्यावयाची. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण ठरले. वीजजोडणीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांनाही याच वाटेने पंप देण्याचे धोरण आहे.

त्याच २०२४ मध्ये आणखी एक निर्णय झाला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या पाच वर्षांसाठी मोफत वीज. राज्यातील सुमारे ४४ लाख शेतकरी याच्या कक्षेत येतात.

दोन वाटा, दोन परिणाम

येथे एक बारीक परंतु महत्त्वाची बाब आहे. ‘सोलर आले, आता मोटार भरायला कोण येणार?’ अशी चर्चा आपल्या कारागिरांत होते. ती अर्धीच खरी आहे, कारण सौरऊर्जा शेतीपर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी येते.

पहिली वाट सौरपंपाची. शेतात पॅनेल उभे राहतात, त्याच्याजवळ कंट्रोलरची पेटी असते, आणि विहिरीत किंवा बोअरमध्ये नवी मोटार सोडली जाते. महावितरणच्या तारेशी संबंध नाही. पंप, पॅनेल, पेटी हे सर्व सरकारने निवडलेल्या पुरवठादार कंपन्यांच्या यादीतूनच घ्यावे लागते. पाच वर्षे दुरुस्तीची हमी व विमा कंपनीमार्फतच असतो. पेटीत मोबाइलसारखे सिम असते आणि पंप किती चालला याची माहिती दूरवर जाते. या वाटेने गेलेला शेतकरी गावच्या दुकानातून मोटार घेत नाही, स्टार्टर घेत नाही, आणि बिघाड झाला तरी हमीच्या काळात आपल्या कारागिराने मोटार उघडलेली कंपनीला चालत नाही.

दुसरी वाट वाहिनीची. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज शेतीच्या फीडरवर सोडली जाते. शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार, स्टार्टर, केबल सारे तेच राहते. फक्त वीज दिवसा येऊ लागते. दुसऱ्या आवृत्तीतील पहिला प्रकल्प, ३ मेगावॉटचा, सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. अशा प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्यास वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर सरकारने ठरविला आहे.

या दुसऱ्या वाटेवर मोटार भरण्याचा धंदा संपत नाही. दिवसा चांगल्या दाबाने वीज मिळाली तर जळण्याचे प्रमाण कमी होईल हे खरे, परंतु मोटार तीच, तार तीच आणि कारागीरही तोच. शिवाय मोफत विजेची सवलत मार्च २०२९ पर्यंत असल्याने ज्याच्याकडे जोडणी आहे तो शेतकरी बिलाच्या कारणाने तरी आपली मोटार काढून टाकणार नाही. कालव्याच्या व नदीच्या काठी ऊस करणाऱ्याला रात्रंदिवस पाणी उपसायची सवय आहे. सौरपंप मात्र सूर्य असेपर्यंतच चालतो, आणि पूर्ण जोर दुपारच्या काही तासांतच धरतो. असा शेतकरी बहुधा दोन्ही ठेवील.

तेव्हा प्रत्येक कारागिराने पहिले काम हे करावे. आपले गिऱ्हाईक ज्या आठ-दहा गावांतून येते त्यांची यादी मांडावी. कोणत्या गावात नव्या विहिरी व जोडणीच्या प्रतीक्षेतील शेतकरी जास्त आहेत? तेथे सौरपंप येणार. कोणते उपकेंद्र वाहिनी योजनेत घेतले आहे? तेथे जुन्या मोटारी राहणार. ही माहिती महावितरणच्या स्थानिक कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत मिळू शकते. अंदाजावर भीती बाळगण्यापेक्षा कागदावर हिशेब मांडणे बरे.

पाच वर्षांची हमी संपते तेव्हा

आता खरी संधी कोठे आहे ते पाहू. पीएम-कुसुम व त्याआधीच्या मुख्यमंत्री योजनेतील सुरुवातीचे पंप २०१९-२० च्या सुमारास बसले. त्यांची पाच वर्षांची हमी संपली आहे. येथून पुढे दरवर्षी हमी संपलेल्या पंपांची संख्या वाढतच जाणार आहे. पॅनेल पंचवीस वर्षे चालेल असे कंपन्या सांगतात, परंतु मोटार, बेअरिंग, केबल आणि कंट्रोलर यांचे आयुष्य तेवढे नाही. विहिरीतील गाळ, क्षार आणि कोरडे चालणे हे शत्रू सौरमोटारीलाही तेच आहेत. हमी संपल्यावर शेतकरी कोणाकडे जाणार? कंपनीचे कार्यालय पुण्यात किंवा परराज्यात आणि शेतकरी पाटस, वरवंड, रोटी किंवा न्हावरे येथे. तो जवळच्या ओळखीच्या दुकानाकडेच येईल. प्रश्न एवढाच की त्या दिवशी आपल्याला ते काम येत असेल काय?

हे काम जुन्या कामासारखे दिसते, पण तसे नाही. पुढील गोष्टी कारागीर बांधवांनी ध्यानात घ्याव्यात.

एक, पॅनेलमधून येणारा प्रवाह डीसी असतो. घरच्या एसी विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून जोड सुटताना पडलेली ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येत नाही. चालू जोड ओढला तर ज्वाळ धरून राहते, हात भाजतो आणि आग लागते. अनेक पॅनेल एका ओळीत जोडल्याने व्होल्टेज कित्येक शे होतो. साध्या एसी स्विचने किंवा फ्यूजने तो तोडता येत नाही, त्यासाठी डीसीचाच आयसोलेटर लागतो.

दोन, पॅनेलला ‘बंद’ करणारे बटण नाही. फ्यूज काढला की तार मेली, ही आपली सवय येथे जीवघेणी आहे. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारेत वीज आहेच. काम पहाटे, संध्याकाळी किंवा पॅनेल जाड ताडपत्रीने पूर्ण झाकून आणि मीटरने खात्री करूनच करावे.

तीन, नामपट्टी वाचल्याशिवाय मोटार भरू नये. ४१५ व्होल्टची एसी मोटार पूर्ण दाबाने चालवायची तर पेटीला सुमारे ५९० व्होल्ट डीसी मिळावा लागतो. तेवढी पॅनेलची ओळ नसेल तर कंपनी कमी व्होल्टेजची मोटार बसविते. आपला कारागीर नेहमीच्या सवयीने ४१५ व्होल्टचे वेढे भरील, तर मोटार जळणार नाही परंतु पाणीही नीट उचलणार नाही, आणि बोल त्याच्या हुन्नरीला लागेल. जुने वेढे मोजून, तारेची जाडी मापून, तेच पुन्हा भरणे हाच नियम.

चार, काही पंपांत चुंबकाचा रोटर असलेली बीएलडीसी मोटार असते. ती तिच्या स्वतःच्या कंट्रोलरशिवाय चालत नाही, आणि उघडताना चुंबकाला धक्का बसू देता कामा नये. हे काम शिकल्याशिवाय हाती घेऊ नये.

पाच, वेल्डर बंधूंसाठी. पॅनेलचा सांगाडा जस्ताच्या मुलाम्याचा असतो. वादळाने वाकलेला सांगाडा वेल्डिंग करून सरळ केला की त्या जागचे जस्त जळते आणि गंज तेथूनच सुरू होतो. जोडावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात देणे हे कामाचाच भाग समजावे. जस्ताचा धूर छातीस घातक असतो, तेव्हा असे काम मोकळ्या हवेत करावे.

दुकानदार आणि भंगार व्यापारी

ज्यांचे इलेक्ट्रिकचे दुकान आहे त्यांनी हळूहळू डीसी केबल, एमसी-४ जातीचे जोड, डीसी आयसोलेटर, अर्थिंगचे साहित्य, वीजरोधक आणि पॅनेल धुण्याचे साहित्य ठेवावे. सुरुवातीस थोडाच माल भरावा, कारण या वस्तूंचे नमुने लवकर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने खरेदी केलेला माल आणि नव्या दराचे बिल यांचा हिशेब आपल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्यावा.

शेतीबाहेरही मागणी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर ३ किलोवॉट किंवा अधिक क्षमता बसविणाऱ्यास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. हे काम नोंदणीकृत विक्रेत्यानेच करावयाचे असते. ज्यांना नोंदणी परवडत नाही त्यांनी अशा विक्रेत्याकडून सांगाडा उभारणे, वायरिंग, देखभाल ही कामे लेखी कराराने घ्यावीत. तोंडी व्यवहारात मजुरी बुडाल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील.

भंगार व्यापाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. फुटलेले किंवा निकामी पॅनेल म्हणजे साधी काच नव्हे. त्यात ॲल्युमिनियमची चौकट, थोडी चांदी आणि शिशाची डाखही असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा स्पष्ट समावेश आहे आणि त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच व्हावी लागते. चौकट काढून उरलेले पॅनेल ओढ्यात टाकणे किंवा जाळणे हे कायद्याविरुद्ध आहे आणि पाण्याला घातकही. पुढील पंधरा-वीस वर्षांत हा माल मोठ्या प्रमाणावर येणार आहे. जो आज नोंदणीकृत कारखान्याशी संधान बांधील त्याच्याकडे उद्या हा धंदा राहील.

पाण्याचा प्रश्न विसरून चालणार नाही

सौरपंपाला बिल नाही. म्हणजे पाणी उपसण्याचा खर्च जवळजवळ शून्य. यात शेतकऱ्याचा फायदा आहे आणि धोकाही. दौंड व शिरूरचा बराच भाग कमी पावसाचा आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत हे दोन्ही तालुके होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, मे २०२५ च्या अखेरीस, मान्सून लवकर येऊन दौंड, बारामती, इंदापूर भागात अतिवृष्टी झाली. हवामानाचा भरवसा राहिला नाही, हे आता सांगावे लागत नाही. अशा मुलखात फुकटच्या उन्हावर दिवसभर पाणी उपसले गेले तर बोअर आणखी खोल जातील. बोअर खोल गेला की ३ किंवा ५ अश्वशक्तीच्या पंपाला पाणी वर आणता येणार नाही, आणि पॅनेल उभे असूनही शेत कोरडे राहील.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी २०१६ साली शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून जादा सौरवीज विकायला सुरुवात केली. वीज विकून पैसे मिळतात म्हटल्यावर विनाकारण पाणी उपसण्याचा मोह कमी होतो, हा त्यामागचा विचार. सहकाराची परंपरा असलेल्या पुणे जिल्ह्याला हे अवघड नसावे. तूर्त आपल्या दुकानदारांनी एवढे करावे की पंपाचे गिऱ्हाईक आले म्हणजे ठिबकची माहिती त्याला द्यावी. ज्या गावाचे पाणी संपते त्या गावची बाजारपेठही टिकत नाही. यात आपलाही स्वार्थ आहे.

शिक्षण, कर्ज आणि सरकारकडे मागणी

प्रशिक्षणाची सोय नाही असे नाही. केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत २०१५ पासून सूर्यमित्र हा सुमारे तीन महिन्यांचा अभ्यासक्रम चालविला जातो. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा व्यवसाय आहे. ज्यांची मुले दहावी होऊन दुकानात शागीर्द म्हणून बसली आहेत त्यांना एक-दोन वर्षे मोकळे करून हे शिक्षण द्यावे. बापाकडे हात आहे, मुलाकडे कागद आला तर दुकान पुढची तीस वर्षे चालेल. वायरमनचा परवाना असलेल्यांनी तो नूतनीकृत ठेवावा. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती प्रत्येकाने करून घ्यावी. भांडवलासाठी मुद्रा योजना आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या योजना आहेत. कर्ज काढण्यापूर्वी मात्र फेडीचा हिशेब घरात बसून मांडावा. आणखी एक इशारा. कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइट व फोनद्वारे पैसे उकळण्याचे प्रकार झाले असून केंद्रीय मंत्रालयाला वेळोवेळी सूचना काढाव्या लागल्या आहेत. गिऱ्हाईकाला अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारांनी अधिकृत संकेतस्थळाखेरीज कोठेही पैसे भरू देऊ नयेत.

तथापि सर्व भार कारागिरावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहे, कुलूप बनविणारा आहे, शिंपी आहे, गवंडी आहे. मोटार भरणारा नाही. शेतीला पाणी देणारी मोटार ज्याने पन्नास वर्षे जिवंत ठेवली त्याचे नाव कारागिरांच्या सरकारी यादीत नसावे, ही उणीव दूर व्हायला हवी.

सौरपंपाच्या धोरणातही काही दुरुस्त्या सहज शक्य आहेत. पुरवठादार कंपनीने प्रत्येक तालुक्यात स्थानिक कारागिराला मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्र द्यावे, अशी अट निविदेत घालता येईल. हमी संपल्यानंतरही सुटे भाग आणि कंट्रोलरची माहिती खुल्या बाजारात मिळावी. दुरुस्तीची पुस्तिका मराठीत असावी. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही परंतु वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांच्यासाठी पूर्वानुभवाला मान्यता देणारी परीक्षा दौंड किंवा शिरूरच्या आयटीआयमध्ये घेता येईल. या मागण्यांत कोणाचे अनुदान मागितलेले नाही. सरकारी पैशाने बसलेला पंप पाच वर्षांनी भंगारात जाऊ नये, एवढेच त्यातून साधेल. दुरुस्त करणारा जवळ नसेल तर मेगावॉटचे आकडे कागदावरच राहतील.

पाटस, केडगाव, यवत, दौंड, कुरकुंभ आणि पलीकडे शिरूर, न्हावरे, मांडवगण येथील मोटार रिवाइंडिंग, इलेक्ट्रिक आणि वेल्डिंगच्या व्यावसायिकांनी एकत्र बसून असे निवेदन तयार करावे. धर्म-जातीचा भेद न करता सर्व कारागिरांना त्यात घ्यावे, कारण जळालेली मोटार कोणाचीही जात विचारीत नाही. निवेदन तहसीलदार, महावितरणचे कार्यकारी अभियंता आणि आपल्या लोकप्रतिनिधींना द्यावे. त्याचबरोबर चार-पाच दुकानदारांनी वर्गणी काढून एक डीसी क्लॅम्प मीटर, जोड दाबण्याची पकड आणि रबरी हातमोजे खरेदी करावेत आणि हमी संपलेला एखादा पंप समोर ठेवून जाणकाराकडून शिकून घ्यावे. हा खर्च एकट्याला जड, पाच जणांत हलका आहे.

एकेकाळी मोटेला बैल जुंपले जात. नंतर डिझेल इंजिन आले, मग विजेची मोटार आली. मोट शिवणारा चांभार गेला, परंतु ज्याने इंजिनाचा पिस्टन बसवायला शिकून घेतले त्याचा मुलगा पुढे मोटार भरू लागला. पाणी उपसण्याचे साधन बदलत आले आहे आणि साधन बिघडणे काही थांबलेले नाही. ते दुरुस्त करण्याची विद्या या पाच वर्षांत जो शिकून घेईल त्याच्या दुकानापुढे गिऱ्हाईक उभे राहील.